निम्म्याची अट

आप्पा,

आई अजून आहे. अठ्ठ्याऐंशी पूर्ण झाली, ऐकू कमी येतं, डाव्या डोळ्यात पडदा आलाय, पण तुमच्या शेवटच्या आजारात तिची जीभ जी सुटली ती अजून आवरलेली नाही. परवा सकाळी मी तिचे केस विंचरत होते. तिनं मागे हात करून माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "एक सांगून ठिवते बाई. मला त्यांच्या शेजारी बसवू नका." आधी मला कळेना. आपल्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, खड्ड्यात बसवून माती देतात, आणि तुमच्या शेजारची जागा तिच्यासाठी राखलेली आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. "कावून गं?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझं कॉन्व्हेंट गळून पडतं. "दात पाडला, ते सोडलं म्या. डोकं फोडलं, ते बी सोडलं," ती म्हणाली. "तुजे कागद जाळले ते न्हाई सोडायची. मातीत गेल्यावर बी न्हाई."

कंगवा माझ्या हातात तसाच राहिला. ते कागद कसे जळाले हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. दुसरी मी. म्हणून हे तुम्हालाच लिहितेय, दुसरं कुणी नाहीच. पण गैरसमज नको, हे मायेनं लिहिलेलं पत्र नाही. तुमची आठवण आली की आधी माझा डावा खांदा दुखतो आणि मग तुमचा चेहरा दिसतो. क्रम नेहमी हाच. सेवानिवृत्त बाईला वेळ भरपूर असतो आणि माझा राग काही शिळा होत नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

मी बारा वर्षांची आहे. औरंगाबादच्या कॉन्व्हेंटातून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलेय. मला तिथे घातलं ते शिक्षणाच्या प्रेमापोटी नव्हे. बाजारातल्या दुसऱ्या व्यापाऱ्यानं आपली मुलगी घातली म्हणून तुम्ही माझी ट्रंक भरलीत. त्या वर्षी सिस्टरनी आम्हाला काचेच्या पेटीतला तराजू शिकवला. पितळी वजनं चिमट्यानं उचलायची, आणि तराजू खरा की खोटा ते बघायचं असेल तर दोन्ही पारड्यांतला माल अदलाबदल करून पुन्हा तोलायचा. आता मी तुमच्या गादीवर बसलेय, बाजारचा दिवस आहे, लिंबागणेशच्या बाया गूळ घ्यायला उभ्या आहेत आणि तुम्ही आत पोतं उचलायला गेलात. मी सहज एका पारड्यात अर्धा किलो ठेवते, दुसऱ्यात दोनशेची दोन आणि शंभराचं एक. अर्ध्या किलोचं पारडं वर जातं. मी अदलाबदल करते. पुन्हा अर्धा किलोच वर. मला इतका आनंद होतो! सिस्टर म्हणाल्या होत्या अगदी तसंच घडतंय. मी मोठ्यानं ओरडते, "आप्पा, तराजू खरा आहे, अर्धा किलो खोटा आहे!"

बाया हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "घ्या! घरातनंच पंच निघाला की वो." तुम्ही हसला नाहीत. पारड्यातून तो अर्धा किलो उचललात आणि माझ्या खांद्यावर फेकलात. आपल्या दोघांत चार हातांचं अंतर नव्हतं. हाड मोडलं की सुक्या काडीसारखा आवाज येतो म्हणतात. मला काहीच ऐकू आलं नाही, फक्त गुळाच्या ढेपेवरच्या माशा एकदम उठलेल्या दिसल्या. मी गिऱ्हाईकांच्या वाटेत पडले होते म्हणून तुम्ही मला केसांना धरून आत ओढलंत, बाहेर आलात, जमिनीवरचं ते वजन उचललंत, धोतराला पुसलंत आणि त्याच वजनानं त्या म्हातारीचा गूळ तोललात. तिनं मुकाट्यानं घेतला. बाप पोरीला का मारतो हे तिनं डोळ्यांनी मोजून घेतलं होतं, गूळ मोजून घ्यायची तिची हिंमत झाली नाही.

हाडवैद्याला तुम्ही सांगितलंत, पोरगी जिन्यावरून पडली. शाळेत सिस्टरनी विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं. आपल्या घराला जिनाच नव्हता. त्या वजनात खालच्या बाजूनं शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर निरीक्षकाचा छाप असतो. तुम्ही छापाची पातळ चकती तेवढी शाबूत ठेवून आतलं शिसं कोरून काढलं होतं आणि पोकळीत लाख भरली होती, हे मला पुढे दुकानातल्या हमालानं सांगितलं. सांगताना त्याचा एक हात गालावर होता. त्याचाही वाटा होताच तुमच्या हातात. कपाळाला विभूती लावून, डाव्या तळव्यावर इष्टलिंग धरून तुम्ही रोज सकाळी डोळे मिटून बसायचात तेव्हा घरात कुणी शिंकत नसे. तेवढी घटकाभर तुमचे दोन्ही हात गुंतलेले असत, म्हणून आईला ती पूजा फार आवडायची. दरवर्षी तुम्ही अनवाणी कपिलधारच्या यात्रेला जायचात, आणि ते दोन दिवस आम्ही दोघी दुपारी पाय पसरून झोपायचो.

एवढं असूनही मी बीडलाच परत आले. कॉलेजात भौतिकशास्त्राची अधिव्याख्याता झाले, लग्न केलं नाही, कारण नवरा म्हणजे काय ते घरात रोज बघत होते. संशोधनासाठी विद्यापीठात नाव घातलं तेव्हा लोकांना वाटलं पगार वाढवायला घातलं. खरं सांगायचं तर मला एक असं ठिकाण हवं होतं जिथे तुमचा हात पोचणार नाही, आणि विश्वाच्या पहिल्या क्षणापेक्षा लांबचं ठिकाण मला सापडलं नाही. सुपरसिमेट्री नावाचा एक सिद्धांत आहे. तो म्हणतो, निसर्गातल्या प्रत्येक कणाला एक जड जोडीदार असला पाहिजे, अजून कुणाला न दिसलेला. या जोडीदारांतला सगळ्यात हलका कण मोडत नाही, प्रकाश देत नाही, प्रकाश अडवत नाही, नुसता वजनानं असतो. आकाशगंगांना धरून ठेवणारं जे कृष्णद्रव्य म्हणतात ते कदाचित याच कणांचं. माझं काम एवढंच होतं: हा कण हलक्यात हलका किती असू शकतो ते काढायचं. कॉलेजला तेव्हा एकच संगणक आला होता. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं, शिपाई त्याला सकाळी उदबत्ती ओवाळायचा, आणि माझी गणितं अर्ध्यात आली की वीज जायची. महिन्यातून एकदा एस.टी.नं औरंगाबादला जाऊन मी नव्या लेखांच्या झेरॉक्स आणायची. सगळे लेख म्हणत होते की तो कण प्रोटॉनच्या तीस-चाळीसपट तरी जड असलाच पाहिजे, त्याखाली नाही. मी पाच वर्षं त्याच भिंतीवर डोकं आपटत होते.

तीच वर्षं तुमचीही वाईट गेली. बाजारात पाकीटबंद माल आला. तेल पिशवीत, मीठ पिशवीत, चहा पिशवीत, वर वजन छापलेलं. तलवाड्याकडच्या बायासुद्धा पिशवी उलटून बघायला लागल्या. तुम्हाला मालाचं दुःख नव्हतं. तोलायचं काम हातातून गेलं याचं होतं. दांडी धरून, काट्याकडे बघत, एक बोट पारड्याखाली नेऊन, समोरच्याच्या डोळ्यांत बघत तोलणं हे तुमचं राज्य होतं. मग एके दिवशी टाय लावलेला एक सेल्समन इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन दुकानात आला. पुढचं मला त्याच हमालानं सांगितलं, आणि त्याला तुमचा आवाज बरोबर काढता यायचा.

"ह्यात पारडं कुटंय बे?" तुम्ही विचारलंत.

"पारडं लागत नाही काका. आकडा दिसतो."

"कुनाला दिसतो?"

"तुम्हाला पण दिसतो, गिऱ्हाईकाला पण. दोन्हीकडून."

त्या पोरानं कौतुकानं काटा फिरवून दाखवला. तुम्ही दोन किलोचं वजन उचललंत आणि आधी काच फोडलीत, मग त्याचं तोंड. मी कॉलेजातून धावत आले तेव्हा तो पायरीवर बसला होता, टाय तोंडात कोंबून रक्त थांबवत होता. मला बघून तो उठायला गेला, आणि बाई आल्या म्हणून उठायची ती सवय बघून मला तुमचा गळा दाबावासा वाटला. त्याला मी दवाखान्यात नेलं, टाके घालून एस.टी.त बसवलं. संध्याकाळी परत आले तर दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावलेल्या, तुम्ही गादीवर एकटे, उजव्या तळव्यात काच घुसलेली. आई जवळ यायला धजत नव्हती. मी चिमट्यानं काच काढायला बसले. मुद्दाम हळूहळू काढत होते, खोटं कशाला सांगू.

तेव्हा तुम्ही विचारलंत, जन्मात पहिल्यांदा, "काय लिहिती गं तू दिसभर?"

"वजन करते," मी म्हणाले. तुम्हाला लागावं म्हणूनच म्हणाले. "जे दिसत नाही त्याचं."

"आन मंग कळतं कसं, हाय म्हनून?"

"तारे ज्या वेगानं फिरतात त्यावरून. दिसतो तेवढाच माल असता तर ते सुटून फेकले गेले असते. जात नाहीत. म्हणजे जास्तीचं वजन आहे."

"पासंग हाय म्हन की," तुम्ही म्हणालात. पारडी सारखी करायला एका पारड्याखाली खड्यांची पुरचुंडी बांधतात तो पासंग. इतकी वर्षं मी मुलांना कृष्णद्रव्य समजावत होते, पण एवढं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. माझा चिमटा थांबला. तुम्हाला ते कळलं आणि तुम्ही रंगात आलात. "लई हायती का ते?"

"सुरुवातीला फार होते. दोघं समोरासमोर आले की दोघंही एकमेकांना संपवतात. असे मरता मरता जे उरले ते आता आहेत."

"उरले ते भित्रे."

"उरले ते ज्यांना दुसरा कुणी भेटला नाही ते."

"आन मारामारी लावून कोन देतंय?"

"मधे एक कण असतो, हिग्ज नावाचा. तो नसेल तर त्यांची नीट गाठ पडत नाही."

"दलाल."

"हो, दलाल. आमच्या सिद्धांतात पाच आहेत."

"पाच कावून? धंद्याला येक बास हाय." मग हात माझ्याकडे तसाच ठेवून तुम्ही विचारलंत, "अन् ह्या न दिसनाऱ्या येकाचं वजन केवढं?"

मी वैतागून सांगितलं. सांगितलं की तेच तर अडलंय. दोन वस्तुमानं आहेत, एक धाकटं, ज्यावर या कणाचं वजन ठरतं, आणि एक थोरलं, आणि धाकटं हे थोरल्याच्या निम्मं असतं. जिनेव्हाजवळच्या बोगद्यातल्या यंत्रानं थोरलं अमुक वजनापर्यंत शोधलं, सापडलं नाही. म्हणजे ते त्याहून जड. म्हणजे धाकटंही त्याच्या निम्म्याहून खाली जाऊ शकत नाही.

"निम्मं हाय हे कुनी तोलून बगितलं?"

"कुणी नाही. सगळे धरून चालतात. गणित सुटसुटीत होतं."

तुम्ही हसलात. रक्ताळलेला हात माझ्या मांडीवर, आणि तुम्ही पोट धरून हसलात. "अर्दा किलो किलोच्या निम्मा असतोय असं गिऱ्हाईक धरून चालतंय, मडम. दुकानदार न्हाई धरत."

सव्वीस वर्षांनी तुम्ही कबूल केलंत, आप्पा. तेही चेष्टेत, तेही मला मडम म्हणून. खांद्यातलं हाड ठणकलं आणि त्याच क्षणी मला दिसलं. ती निम्म्याची अट कुणीच तपासलेली नव्हती. ती सोडून दिली, दोन वस्तुमानं सुटी केली, तर थोरलं कितीही जड असो, धाकट्याला खाली उतरायला कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्या तळव्यात अजून एक काच होती. ती तशीच ठेवून मी उठले आणि आत जाऊन लिहायला बसले. मागून तुमच्या शिव्या ऐकू येत होत्या.

पुढची दोन वर्षं मी ज्या सुखात होते तसं सुख मला परत मिळालं नाही. कण हलका केला की एक अडचण येते: त्यांची आपसातली मारामारी मंदावते, आणि इतके उरतात की त्यांच्या वजनानं विश्वाचं गणितच मोडतं. ती कत्तल पुन्हा पेटवायला दलाल हलका लागतो. मी पाच हिग्जपैकी एकाला हलका धरला, जिनेव्हाच्या यंत्रानं जेवढी मुभा ठेवली होती तितकाच. आणि उत्तर खाली यायला लागलं. तीसच्या खाली, वीसच्या खाली, दहाच्या खाली. प्रोटॉनच्या सात-आठपट एवढं हलकं कृष्णद्रव्य शक्य होतं. कुणी त्या अंधारात बघतच नव्हतं, कारण सगळ्यांनी दारावर छाप बघितला होता. वर्गात शिकवताना मी उगीच हसायची. तुम्ही त्या दोन वर्षांत आईचं डोकं फोडलंत, पोळ्याच्या दिवशी, आणि मी तिच्या जखमेवर हळद दाबतानाही मनातल्या मनात समीकरणं सोडवत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं होतं.

बावीस पानांचा लेख झाला. विद्यापीठातल्या माझ्या मार्गदर्शक सरांनी पेन्सिलीनं खुणा करून परत दिला. गणित बरोबर होतं. एकच प्रश्न त्यांनी समासात दोनदा अधोरेखित केला होता: ही अट सोडायची प्रेरणा काय? कोणत्या सिद्धांतातून आली? "बाई," सर म्हणाले, "परदेशी नियतकालिक पहिला हाच प्रश्न विचारेल. तिथे बसलेल्यांनी बांधलेली गाठ बीडला बसून कुणी का सोडावी?" ते वाईट माणूस नव्हते, प्रश्न रास्त होता. मी घरी आले आणि तीन दिवस त्या एका परिच्छेदापाशी बसले. 'व्यापकतेसाठी' असं लिहिलं आणि खोडलं. शेवटी ऋणनिर्देशाचं पान घेतलं. सरांचे आभार लिहिले, ग्रंथपालांचे लिहिले, संगणकाची खोली उघडून देणाऱ्या शिपायाचे लिहिले. मग पेन उचललाच जाईना. कारण खरं उत्तर मला ठाऊक होतं. माझ्या आयुष्यातला एकुलता एक अस्सल विचार तुमचा होता. ज्या वजनानं माझं हाड मोडलं त्याच वजनातून तो निघाला होता. मी जिथे तुमचा हात पोचणार नाही म्हणून पळाले होते, तिथे तुम्ही माझ्याआधी जाऊन गादी टाकून बसला होतात.

आणि मग सकाळी मी बंब पेटवला. गोवऱ्या-लाकडांवर ती बावीस पानं घातली, दोन झेरॉक्स घातल्या, सगळ्या वह्या फाडून घातल्या. फ्लॉपी बत्त्यानं ठेचली. पानं पेट घेत नव्हती लवकर, मी त्यांच्यावर रॉकेल ओतलं, चिमट्यानं भोसकून भोसकून आत दाबलं, दात ओठ खाऊन, आई उठू नये म्हणून आवाज न करता. तुमचा राग आणि माझा राग एकाच साच्यातला आहे हे मला त्या दिवशी कळलं. माझा फक्त शिकलेला आहे, तो माणसांवर हात टाकत नाही. तुम्ही पंचा घेऊन अंघोळीला आलात. एक पान अर्धं जळून खाली राखेत पडलं होतं, आकडे दिसत होते. तुम्ही वाकून ते उचललंत. माझ्याकडे बघितलंत. तुम्ही ते पान वरून बंबात टाकलंत, पाणी काढून घेतलंत आणि आतून म्हणालात, "लई कढलंय आज." मग विभूती लावून पूजेला बसलात.

सरांचा निरोप आला तेव्हा मी एस.टी.डी. बूथवरून त्यांना फोन केला. "वडिलांनी जाळलं," मी म्हणाले. एका वाक्यात. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. सेल्समनची गोष्ट औरंगाबादपर्यंत पोचलेली होती, तुमच्याबद्दल काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. "पुन्हा लिहा," ते म्हणाले, मी म्हणाले आता मन राहिलं नाही. त्यांनी मला दुसरा विषय दिला, निम्म्याची अट जागेवर ठेवून. मला मुदत वाढवून मिळाली, पदवी मिळाली, कॉलेजात ज्याच्या त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी हळहळ आली आणि मी ती घेतली. काही वर्षांनी नव्या सायबर कॅफेत बसून मी परदेशातल्या कुणाचा तरी लेख वाचला. तीच अट सोडलेली, तोच हलका हिग्ज, माझ्यापेक्षा नीट गणित. शेजारी पोरं मोटारींची शर्यत खेळत होती. मी दोन तासांचे पैसे देऊन चार मिनिटांत उठले. पुढे जिनेव्हाला हिग्ज सापडला, तुम्ही म्हणाला होतात तसा एकच. बाकीचे चार नाहीत, जोडीदार कण नाहीत, माझा हलका कणही बहुधा नाहीच. म्हणजे माझा लेख चूकच ठरला असता. पण छापून चूक ठरणं वेगळं, आप्पा. तो मान मी मला मिळू दिला नाही.

आईपर्यंत 'वडिलांनी जाळलं' ही गोष्ट बाहेरून फिरून आली, आणि तोवर तुम्हाला अर्धांग झालं होतं. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, शब्द तुटक यायचे. ती चुलीपाशी धपाटी भाजत होती, कॉलेजातल्या एका बाईंनी सहज बोलता बोलता तिला सांगितलं. त्या गेल्यावर आई उठली. हातात तापलेलं उलथनं तसंच. आयुष्यभर जी तुमच्यासमोर पदर तोंडाला लावून उभी राहिली ती तुमच्या खाटेशी जाऊन ओरडली, "माज्या पोरीचे कागद कावून जाळले वो तुमी? काय घोडं मारलं होतं तिनं तुमचं?" आणि उलथनं तुमच्या उजव्या हातावर हाणलं. एकदा, दोनदा. तो हात मेलेलाच होता, तुम्हाला कळलंही नसेल, पण कातडी उठली आणि वास आला. मी दारात होते. तुम्ही तिच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघत होतात. जीभ गोळा करायला तुम्हाला बराच वेळ लागला. मी तेवढ्या वेळात दहादा बोलू शकले असते.

"व्हय," तुम्ही म्हणालात. "म्याच."

त्यानंतर वर्षभर ती तुमच्या खोलीत आली नाही. भरवलं मी, पुसलं मी. शेवटचं पाणी द्यायला तिला बोलावलं तेव्हा ती अंगणात जाऊन बसली. लोक म्हणाले, केलेलं फिटलं. बरोबरच आहे. तुम्हाला मिळाली ती शिक्षा योग्यच होती, फक्त गुन्हा दुसऱ्याचा होता. तुम्ही तसं का म्हणालात याचा मी पुष्कळ विचार केला. डोकं बिघडून तुम्हाला खरंच तसं वाटत असेल. इतकी मोडतोड केल्यावर आणखी एक आपलीच असणार असं धरून चालला असाल. किंवा ते अर्धं पान तुम्हाला आठवत असेल. कोणतं तरी चांगलं कारण मी तुम्हाला चिकटवणार नाही. एका वाक्यानं चाळीस वर्षं धुतली जात नाहीत, आणि तुमचा संत करायला मी बसलेली नाही.

आज सकाळी मी ठरवून तिच्या खाटेशी बसले. कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "आई, कागदांचं सांगायचंय." तिनं मान वळवली, चांगला डोळा माझ्यावर लावला आणि माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, हाड जिथे वर आलंय तिथे. मी म्हणाले, "जागा दुसरी बघू तुझ्यासाठी." ती "हां" म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. म्हणजे तुम्ही एकटेच राहणार आहात, हे कळवायला हवं होतं. हे कागद मी टेबलावर उघडेच ठेवणार आहे. तिला वाचता येत नाही, आणि दुसरं कुणी या घरात येत नाही.

सूड म्हणून गप्प बसले असं वाटेल तुम्हाला. तसं असतं तर मी ते ताठ मानेनं सांगितलं असतं. खरं कारण लहान आहे. आयुष्यात माझ्यासाठी कुणी एकदाच हात उचलला, आप्पा, तो तिनं. तो खोट्यावर उचलला होता हे कळलं तर ती तो खाली घेईल, आणि मला तो अजून हवा आहे.